चैतरामच्या खात्याचा वारस

गोंदिया, ता. १८ ऑगस्ट १९५४

सुमित्रा,

'सौ.' लिहिता येत नाही आणि 'गं. भा.' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग मानू नकोस.

चैतराम आषाढात मुदतीच्या तापानं गेला, हे मला नागपुरात महिनाभरानं कळलं. तेही तुझ्या मामाच्या पत्रात शेवटच्या ओळीत, धानाच्या भावाच्या खाली. त्याच दिवशी पेटी भरली. इंटरच्या वर्गात आता माझं नाव पुकारतील तेव्हा कोणी 'हजर' म्हणणार नाही. सध्या गोंदियात एका बिडी कारखान्याच्या कचेरीत पत्रं लिहायला लागलो आहे. शेठ हिंदीत बोलतो, मी मराठीत रागावतो, दोघांचं बरं चाललं आहे.

तुझा मामा म्हणाला, "टेकचंद, चैतरामचं खातं गोंदियाच्या बँकेत हाये, तू तेथीच हायेस, पोरीचं एवढं काम पाहून दे." शेजाऱ्याचा मुलगा म्हणून सांगितलं त्यानं. मी दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी दारात उभा. काउंटरवर चुन्नीलाल नावाचा कारकून आहे. विचारतो, "आप मृतक के कौन?" मी म्हणालो, कोणी नाही. "तो फिर इतना चिल्ला क्यूँ रहे हो, भैया?"

खात्यात किती आहे ते त्यानं सांगितलं नाही. माणूस मेला की पैसा त्याच्या वारसाला मिळतो, पण वारस कोण हे बँक ठरवत नाही. भंडाऱ्याच्या कोर्टातून वारसाचा दाखला आणावा लागतो. सोबत अर्जाचा कागद पाठवतो, खाली सही कर. आणि एक लक्षात ठेव : पासबुक तुझ्या दिराच्या हाती द्यायचं नाही. बकाराम गोड बोलेल. गोड बोलला की समज, पासबुक मागणार.

तुझ्या लग्नात मी पंगतीत वाढत होतो, आठवतं? चैतरामच्या पानात मी तीनदा वरण ओतलं. तो नको नको म्हणत होता. दुसरं काय करू शकत होतो मी?

टेकचंद

•

पिंपळटोला, चोरखमारा, ता. ३० ऑगस्ट १९५४

श्री. टेकचंदजी यांस सुमित्राचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. सही करून कागद परत पाठवला आहे. पासबुक माझ्या पेटीत आहे. अकराशे चाळीस रुपये सहा आणे. तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी असताना त्यांनी दर हंगामाला थोडे थोडे टाकलेले.

पण नुसता पैसाच नाही. मामाला हे माहीत नाही. त्यांनी दोन वर्षांमागं धान कांडायच्या मशीनसाठी भंडाऱ्याच्या सहकारी बँकेतून नऊशे रुपये कर्ज काढलं. मशीन जुनी निघाली, चार महिन्यांत बसली. कर्जाला जामीन मी आहे. माझ्या बापानं माझ्या नावानं करून दिलेली दोन एकर धानाची बांधी त्या कागदात लिहिलेली आहे. सही करताना ते साहेबाला कौतुकानं सांगत होते, "माही बायको सही करते, अंगठा नाही देत." साहेबानं खुर्ची दिली होती मला.

आता व्याजासकट सहाशे चाळीस निघतात. गोंदियाचा पैसा मिळाला की पहिलं ते कर्ज फेडायचं, म्हणजे बांधी सुटेल. पाचशे उरतील. त्यात भंडाऱ्याला मास्तरणीचं ट्रेनिंग होतं. दोन वर्षांचं आहे. सातवी पास बाईला घेतात. मला ते करायचं आहे. हे मी अजून कोणाला बोलले नाही.

तुम्ही कॉलेज सोडलं हे मला आवडलं नाही. माझ्यासाठी सोडलं असं कुठे सांगत असाल तर सांगू नका.

आणि पत्रात कामाचंच लिहा. सासूबाईंना वाचता येत नाही, पण त्या समोर बसून वाचायला लावतात. तुमचं वरणाचं वाचताना मी थांबले, तर म्हणाल्या, "का लिवलं व? काऊन थांबलीस?" मी म्हटलं, "बँकेचा कायदा हाये, समजत नाही." म्हणाल्या, "मंग कायदा वाचून डोरे काऊन भरले?" तुमचं पत्र मी त्याच दिवशी चुलीत घातलं. पुढचीही घालीन.

सुमित्रा

•

गोंदिया, ता. १२ सप्टेंबर १९५४

सुमित्रा,

कामाचंच लिहितो. घे.

अर्ज भंडाऱ्याच्या कोर्टात दाखल झाला. वकिलाची फी मी दिली, परत करायच्या गोष्टी बोलू नकोस. कोर्टानं जाहीर नोटीस काढली आहे : चैतरामच्या पैशावर कोणाचा हक्क असेल त्यानं हरकत घ्यावी. साठ दिवस. कोणी हरकत घेतली नाही तर दाखला तुझ्या नावानं निघेल. घेतली तर २२ नोव्हेंबरला सुनावणी. तुझी मोकळी वाट आहे. चैतराम भावापासून वेगळा निघालेला, पैसा त्याच्या स्वतःच्या कमाईचा, मूलबाळ नाही, मागं बायको. यात हरकत घ्यायला बकारामजवळ आहे काय?

त्याच फेरीत सहकारी बँकेतही गेलो. तिथला साहेब म्हणाला, "कर्जदार वारला तरी जामीन हयात आहे, आम्हाला काळजी नाही." मी टेबलावर हात आपटला. शाईची दौत सांडली. त्यानं शिपाई बोलावला. शेवटी मार्चपर्यंत थांबतो म्हणाला. दौतीचे आठ आणे घेतले.

चुन्नीलालला रात्रीच्या गाडीत हे सांगितलं. तो भंडाऱ्याहून सासुरवाडी करून येत होता. म्हणाला, "भैया, तुम दूसरे की विधवा के लिए दवात तोड़ोगे तो अपनी के लिए क्या तोड़ोगे?" पुढच्या स्टेशनावर मी डबा बदलला.

ट्रेनिंगचं वाचलं. दोन वर्षं! बरं. चार वर्षं तर आधीच गेली आहेत माझी. पण सुमित्रा, 'टेकचंदजी' हा कोण? मामाच्या ओसरीवर तू मला "ए टेक्या, हे गणित सोडव" म्हणायचीस. तो कुठे गेला?

माझी पत्रं जाळतेस. जाळ. मी तुझी जपून ठेवतो.

टेकचंद

•

पिंपळटोला, ता. १५ ऑक्टोबर १९५४

श्री. टेकचंदजी यांस नमस्कार.

महिनाभर लिहिता आलं नाही. घरी काही बोलणं चाललं आहे. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

माझं एक काम करा. एकच. भंडाऱ्याच्या वकिलाला एवढं विचारा : विधवेनं पुन्हा पाट लावला तर पहिल्या नवऱ्याच्या पैशावर तिचा हक्क राहतो की जातो? तुमच्या मनानं उत्तर देऊ नका. वकील काय म्हणाला तेच, त्याच शब्दांत लिहा. दिवाळीच्या आत कळलं तर बरं होईल.

तुम्ही माझ्यासाठी धावपळ करता हे मी विसरत नाही.

सुमित्रा

•

गोंदिया, ता. २४ ऑक्टोबर १९५४

माझ्या सुमित्रा,

तुझं पत्र कचेरीत आलं. मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग कारखान्यामागं पानाच्या गोदामात जाऊन वाचलं. शेठ ओरडत होता, "टेकचंद कहाँ मर गया?" मेला नाही, शेठ, आजच जगला.

पाटाचं विचारायला तुला किती जड गेलं असेल! 'पत्रात लिहिण्यासारखं नाही' म्हणतेस. नको लिहू. मी वाचलं.

वकिलाकडे गेलो नाही. एका प्रश्नाला तो आठ रुपये मागतो आणि उत्तर मला येतं. कॉलेजात वसतिगृहात माझ्या खोलीत कायद्याचा विद्यार्थी होता. त्याची पुस्तकं मी त्याच्यापेक्षा जास्त वाचली. कायद्याला सप्तपदी कळते, होम कळतो. आपल्याकडचा पाट कोर्टाला कळत नाही. भट नाही, मांडव नाही, पुरुषानं बांगड्या द्यायच्या, बाईनं हातात घालायच्या, चार जणांनी पाहायच्या, की झालं लग्न. याला कोणता जज्ज लग्न म्हणेल? तेव्हा पैशाला धक्का नाही. निश्चिंत रहा.

आज पार्सलनं एक डबा पाठवला आहे. हिरव्या बांगड्या, एक डझन, गोंदियाच्या बाजारातल्या सगळ्यात चांगल्या. तुझ्या हाताचं माप मला माहीत आहे. मामाच्या घरी विहिरीवर दोर ओढताना पाहिलेलं. पण आत्ता घालू नकोस. पेटीत ठेव. दाखला हाती आला, की ज्या दिवशी घालशील त्या दिवशी मी दारात उभा असेन. ट्रेनिंगबिनिंगही तू माझ्या घरून कर.

तुझा टेक्या

•

पिंपळटोला, ता. २ नोव्हेंबर १९५४

टेकचंद बाबू यास बकारामचा रामराम.

तुमाले मी कधी चिठ्ठी लिवली नाही, पण आता नातं झालं तं लिवा लागते. तुमी धाडलेल्या बांगड्या पोचल्या. माही भावजय त्या भाऊबीजेच्या दिवशी घालून बसली. गावातल्या बाया आल्या होत्या, सबन्यांनी पायल्या. पार्सलच्या कागदावर तुमचं नाव होतं, थो कागद मी ठेवला. पंच बसले. म्हणाले, माणसानं बांगड्या धाडल्या, बाईनं घातल्या, चार झनानं पायल्या, तं पाट झाला.

मी तं सोता तिले घरीच ठेवाले तयार होतो. दसऱ्यापासून बोलून राहिलो होतो का माह्या संगं पाट लाव, घरचा पैसा घरी राहील. थे आयकत नव्हती. आता समजलं काऊन आयकत नव्हती.

तवा तुमची बायको तुमी येऊन घेऊन जा. डबाबी घेऊन जा, डबा चांगला हाये. भाऊचा पैसा आता आमच्या मायचा. कोर्टात तशी हरकत टाकून राहिलो. तुमाले चार पैशे खर्चाले लागले तं सांगा, नवा जावई हाये म्हून देईन.

बकाराम

•

पिंपळटोला, ता. ६ नोव्हेंबर १९५४

टेकचंदजी,

नमस्कार राहू द्या.

पार्सल भाऊबीजेला आलं. पत्र मागून, दोन दिवसांनी आलं. 'घालू नकोस' हे मी घातल्यावर वाचलं.

झालं ते असं. डाकवाला पार्सल सासूबाईंच्या हातात देऊन गेला. त्यांनी विचारलं, "कोनाचं होय?" मी नाव वाचलं. काय सांगणार? मी म्हटलं, "मामाच्या गावचा, भावासारखा हाये." सासूबाईंनी स्वतः डबा उघडला. बांगड्या बघून त्या रडल्या. मी चार वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, मुलगा गेला तेव्हाही नाही. म्हणाल्या, "भावानं भाऊबीज धाडली, घाल बाई. पोरीचा हात भुंडा चांगला दिसत नाही. गाव बोललं तं मी बोलीन." आणि माझा हात मांडीवर घेऊन दोन दोन बांगड्या भरल्या. शेजारच्या बाया बसलेल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं बकारामला नाव सांगितलं.

आता तुम्हाला सांगते मी पाटाचं कशाला विचारलं होतं. दसऱ्यापासून बकाराम मागं लागला होता. माझा 'नाही' भक्कम आहे का, एवढंच मला पाहायचं होतं. पाट लावला तर पैसा जातो आणि न लावला तर कोणी हात लावू शकत नाही, हे वकिलाच्या तोंडून हवं होतं, म्हणजे पंचांसमोर उभी राहून सांगितलं असतं. तुमचं नाव माझ्या मनात नव्हतं.

बकारामच्या हरकतीचा कागद आल्यावर मी मामाला घेऊन वकिलाकडे गेले. तो पहिल्या वाक्याला म्हणाला, "पाट झाला की पहिल्या नवऱ्याच्या मालावरचा हक्क गेला. इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे. आणि ज्या जातीत बांगड्यांनी पाट होतो तिथं कोर्ट बांगड्याच बघतं." त्याचेही त्यानं आठ रुपये घेतले. मी दिले.

आता उपाय एकच आहे, तोही वकिलानंच सांगितला. तुम्ही २२ तारखेला कोर्टात उभं राहून सांगायचं की बांगड्या भाऊबीजेच्या होत्या, बहिणीला पाठवल्या. तारीख जुळते. सासूबाई माझ्याविरुद्ध शपथेवर खोटं बोलणार नाहीत, मला माहीत आहे. पत्रं मी जाळली आहेत. बकारामजवळ तुमच्या नावाचा कागद आहे आणि तुमचं तोंड आहे. बाकी काही नाही.

मला बहीण म्हणा. एवढंच मागते. ते खोटं आहे असं तुम्हाला वाटेल, मला वाटत नाही.

सुमित्रा

•

गोंदिया, ता. ११ नोव्हेंबर १९५४

सुमित्रा,

तुझं पत्र वाचून तीन दिवस जेवलो नाही. चौथ्या दिवशी चुन्नीलालनं घरी नेऊन जबरदस्तीनं पुरी-भाजी खाऊ घातली. त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "बोल दो बहन. एक लफ़्ज़ है. बैंक में रोज़ लोग अपने बाप को भी 'मृतक' बोलते हैं, मुँह में छाले नहीं पड़ते."

बहीण म्हटल्यावर काय होतं ते तुला माहीत आहे. भर कोर्टात, दोन गावांच्या माणसांसमोर बहीण म्हटलेल्या बाईशी पुन्हा कोणी पाट लावू देत नाही. या जन्मात नाही. तू हे समजून मागितलंस का? समजूनच मागितलं असशील. तू न समजता काही करत नाहीस.

येतो. म्हणतो. तुझे अकराशे चाळीस रुपये सहा आणे तुला मिळतील.

टेकचंद

•

गोंदिया, ता. २४ नोव्हेंबर १९५४

सुमित्रा,

कोर्टाच्या आवारात तू माझ्याशी बोलली नाहीस, मामाच्या मागून बैलगाडीत बसलीस. म्हणून लिहितो. तू तिथेच होतीस, पण पिंजऱ्यातून कसं दिसतं ते तुला कळायला हवं.

मी घोकून आलो होतो. भंडाऱ्याच्या गाडीत रस्ताभर घोकत होतो : भाऊबीजेची भेट, बहीण, भाऊबीजेची भेट, बहीण. आपल्या वकिलानं विचारलं तेव्हा म्हटलंच ना? "बांगड्या भाऊबीजेच्या होत्या." जज्जसाहेबांनी लिहून घेतलं. तुझी सासू तर आपल्या बाजूनं बोलून गेली, "मीच भरल्या, भावाच्या म्हून भरल्या." सगळं जिंकल्यात जमा होतं.

मग बकारामचा तो वकील उठला. पान खाल्लेलं, आवाज गोड. विचारलं, "तुम्हाला सख्ख्या बहिणी किती?" मी म्हटलं, दोन. "त्यांना या भाऊबीजेला काय पाठवलं?" मी आपल्या वकिलाकडे पाहिलं. "काहीच नाही? सख्ख्यांना काही नाही आणि शेजाऱ्याच्या भाचीला एक डझन हिरव्या? माप कोणी सांगितलं?" लोक हसले. बकारामच्या बाजूचा कोणीतरी म्हणाला, "भावाचा हात बराच लांब हाये बाप्पा." जज्जसाहेबांनी गप्प बसवलं. मी अजूनही शांत होतो, देवाशपथ.

तेव्हा तो म्हणाला, "काही हरकत नाही. ती समोर उभी आहे. तिच्याकडे बघा आणि एकदा म्हणा, सुमित्राबाई, तू माझी बहीण. मी खाली बसतो, खटला इथेच सोडतो."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहत होतीस. चार वर्षांत पहिल्यांदा, सुमित्रा, तू माझ्याकडे सरळ पाहत होतीस, आणि तेही हे ऐकायला.

मी म्हणालो, "नाही. बहीण नाही. बांगड्या मी पाटासाठीच पाठवल्या." आणखी काय काय बोललो ते आठवत नाही. शिपायानं दंडाला धरलं तेवढं आठवतं.

मला खोटं बोलता आलं नाही. याला तू गुन्हा म्हणशील. पण पैसा गेला तर गेला. मी आहे ना? महिन्याला पंचेचाळीस रुपये मिळतात. पंच म्हणतात पाट झाला, कोर्ट म्हणतं झाला, बकाराम म्हणतो झाला. तू एकटीच नाही म्हणतेस. आता 'हो' म्हणायला काय राहिलं?

ये म्हणशील त्या दिवशी बैलगाडी घेऊन येतो.

टेकचंद

•

गोंदिया, ता. १६ जानेवारी १९५५

सुमित्रा,

हे सातवं पत्र. मधल्या सहांपैकी एकाचंही उत्तर नाही. तुझ्या सासरहून पत्रं परत आली, 'येथे राहत नाही' असं बकारामच्या अक्षरात. म्हणून हे मामाच्या पत्त्यावर टाकतो.

चुन्नीलालनं सांगितलं, गेल्या आठवड्यात बँकेनं खातं बंद केलं. तुझ्या सासूच्या नावानं दाखला निघाला. बकाराम म्हातारीला घेऊन आला होता. तिनं अंगठा दिला, पैसे त्यानं मोजून घेतले. म्हातारी चुन्नीलालला विचारत होती, "यातून माह्या सुनेच्या कर्जाचे कापले ना जी?" चुन्नीलाल म्हणाला, ते कर्ज दुसऱ्या बँकेचं, माई, आमच्या हातात नाही. बकाराम तिला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. पैसा त्याचा, कर्ज तुझं. मी त्याच संध्याकाळी त्याला बाजारात गाठणार होतो, चुन्नीलालनं खोलीला बाहेरून कडी घातली.

कोर्टातल्या बोभाट्यानंतर शेठनं मला कचेरीतून काढलं. म्हणाला, चिट्ठी लिखने का शौक़ बहुत है तुमको. आता बिड्या तपासायला बसवलं आहे. बायका घरून वळून आणतात, मी हजार मोजतो, बारीक, सैल, फाटक्या छाटून बाजूला टाकतो. छाटलेल्यांचे पैसे नाहीत. त्या गयावया करतात, शिव्या देतात. मी मान वर करत नाही. कोणत्याही बाईच्या तोंडाकडे पाहायचं नाही अशी शपथ घेतली आहे. पाहीन तर तुझंच पाहीन. एवढं माझं आहे, ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

एकदाच लिही. कुठे आहेस, एवढंच.

टेकचंद

•

गोंदिया, ता. ६ फेब्रुवारी १९५५

टेकचंदजी,

पत्ता वर लिहिला आहे तो बरोबर आहे. मी गोंदियातच आहे, डिसेंबरपासून. तुमचं पत्र मामानं रुख्माच्या हाती पाठवलं. रुख्मा म्हणजे मामाच्या गावची, तिच्या खोलीत मी राहते. कुठली खोली ते लिहीत नाही.

कोर्टातून आल्यावर सासूबाईंनी मला दारात भात वाढला. बकारामनं आत घेऊ दिलं नाही. भात दिला. मी मामाकडे गेले. तिथं पंच आले, म्हणाले, नवऱ्याच्या घरी जा. मी विचारलं, कोणत्या? 

मार्चची वाट पाहिली असती तर बँकेनं लिलाव काढला असता. त्याआधी मी बांधी विकली. मामाच्याच गावच्या माणसानं साडेसातशेला घेतली. तिला तळ्याचं पाणी लागतं, नऊशेची होती. घाईचं गिऱ्हाईक म्हणून साडेसातशे. सहाशे चाळीस भरले, वर व्याज वाढलं ते भरलं. सहकारी बँकेच्या साहेबानं पावती दिली. या वेळी खुर्ची दिली नाही, उभ्यानंच सही केली. चैतरामच्या नावावर आता कोणाचं काही देणं नाही. घेणंही नाही.

हाती शंभराच्या खाली उरले. ट्रेनिंगला जूनमध्ये नाव घालायचं तर अजून दीडशे लागतात. म्हणून रुख्माच्या नावच्या मजुरीच्या कार्डावर बिड्या वळते. हजाराला सव्वा रुपया. आधी बोटं चिरत होती, आता नाही चिरत. दिवसाला सातशे होतात, रुख्माचे हजार होतात.

तुम्ही लिहिता, मला खोटं बोलता आलं नाही. मी तुम्हाला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. मी चार वर्षं माझ्याकडून जे होतं तेच बोलायला सांगितलं होतं. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. बँकेत विचारलंत, वकिलाकडे विचारायचं तिथं नाही विचारलंत, पंचांना, कोर्टाला, चुन्नीलालला सगळं सांगितलंत. मला विचारलं असतं तर मी चार शब्दांत सांगितलं असतं आणि तुमचं कॉलेज वाचलं असतं.

तुम्हाला दुष्ट म्हणत नाही. बकारामनं माझा पैसा घेतला, त्याला मी दुष्ट म्हणते, कारण त्याला ठाऊक होतं तो काय घेतो आहे. तुम्हाला अजून ठाऊक नाही.

आता मला शोधू नका. कारखान्यात आरडाओरड केलीत तर रुख्माचंही कार्ड जाईल, तिला दोन पोरं आहेत. पुढच्या आठवड्यापासून मी दुसऱ्या कारखान्याची पानं घेणार आहे. ते हजाराला एक आणा कमी देतात.

काल शनिवारी तुमच्या ओळीत मी तिसरी होते. पदर ओढलेला होता, पण फार नाही. तुम्ही माझ्या हजारातल्या दोनशे छाटल्या. मी म्हटलं, "बाबू, एकदा पाहा तरी." तुम्ही म्हणालात, "चल, पुढची." आवाजही ओळखला नाहीत. चार आणे गेले.

बिड्या चांगल्या होत्या.

सुमित्रा